तीन कोयत्यांची मॅडम

मॅडम कुठंही गेल्या, की आधी माणसं मोजायच्या. मीटिंग असो, मयत असो, नाहीतर काळीपिवळी जीप असो. दारात उभ्या राहून तर्जनी हवेत हलवत, ओठ पुटपुटत सगळ्यांवरून नजर फिरवायच्या आणि मगच आत यायच्या. हे लपूनछपून नाही, अगदी उघड. मोजून झालं की स्वतःशीच मान हलवायच्या. काय हिशेब लागला ते मात्र कुणाला सांगायच्या नाहीत. आम्ही पाटोद्याच्या शाखेतले लोक या प्रकाराला सरावलो होतो. एकदा बीडच्या मीटिंगमध्ये आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी चेष्टेनं विचारलं, "काय मॅडम, पट भरला का?" त्यावर त्या म्हणाल्या, "माणसं भरलीत, सायब. बाया मोजायला एक बोट पुरलं." साहेब हसले, म्हणून आम्हीही हसलो.

ही सवय त्यांना उसाच्या फडात लागली होती. त्यांचे आईवडील दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे, आणि ही पोरगी त्यांच्याबरोबर. पहाटे मुकादम टोळी मोजायचा. पण तो माणसं मोजत नसे, कोयते मोजायचा. नवराबायको मिळून कोयता एक. आई दिवसभर बापाच्या बरोबरीनं तोडायची, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायची, आणि मोजणीत बापाच्या आत जिरून जायची. मॅडम लहानपणी मुकादमाच्या मागे मागे फिरून पुन्हा मोजायच्या, माणसागणिक. त्यांचा आकडा नेहमी दुप्पट यायचा आणि मुकादम हुसकून लावायचा.

त्यांचा डावा पाय अधू होता. कारखान्याच्या आवारात बैलगाडीचं चाक पायावरून गेलं होतं. कुणी हळहळ दाखवली की त्यांना राग यायचा. "पाय गेला म्हणून तर फडातून सुटले," त्या म्हणायच्या. "कामाची न्हाई म्हणून मला बीडला वसतिगृहात टाकलं, अन् मी शिकले. थोरली भैन धडधाकट हाय, ती अजून ऊस तोडती." यावर ऐकणाऱ्याला काय बोलावं ते कळायचं नाही, आणि त्या मजेत त्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या.

मला त्या 'पाटील' म्हणायच्या. माझं आडनाव पाटील नाही. पण आष्टीकडं आमची जमीन बरी, घरात पिढीजात राजकारण, चुलते कायम कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत. तेवढ्यावर त्यांनी मला ही पदवी देऊन टाकली होती. आम्ही दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलो. कंपनी ट्रॅक्टरला, मोटारसायकलीला आणि बायकांच्या गटांना कर्ज देणारी. मी टेबलावर, त्या गावोगाव. मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, तिच्या बाजूला दोरीनं बांधलेली काठी आणि पुढं पाण्याची मोठी बाटली. ती बाटली त्या आमच्या घरी आल्या तरी बरोबर आणायच्या. माझी आई पाणी घेऊन यायच्या आत त्यांचं पिऊन झालेलं असायचं. मला फार दिवस वाटत होतं, बाईंना तहान जास्त आहे.

गटाच्या बैठकीत त्यांचा एक नियम होता. प्रत्येक बाईनं स्वतःचं नाव सांगायचं. अमक्याची मंडळी, तमक्याची आई हे चालायचं नाही. बायका लाजून पदर तोंडात धरायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या, अर्धा तास त्यातच जायचा. मॅडम काठीवर दोन्ही हात ठेवून शांत बसून राहायच्या. "नवऱ्याचं नाव मला ठाव हाय, ते मतदार यादीत बी हाय," त्या म्हणायच्या. "तुमचं सांगा." अखेर नावं यायची. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. पण मॅडमच्या गटांतल्या बायका बाजारच्या दिवशी शाखेत यायच्या, आणि आल्या की टेबलाशी उभ्या राहून स्वतःचं नाव घेऊन काम सांगायच्या, हे मी पाहत होतो.

मग तो नियम आला. कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी आपल्याकडं कोण कोण काम करतं हे जाहीर करायचं. बायका किती, दिव्यांग किती, आणि मुख्य म्हणजे कोणत्या पदावर किती. आमच्या कंपनीत पैसा घालणाऱ्या परदेशी मंडळींनी त्यात समाजघटकाचाही रकाना वाढवून मागितला होता. पाटोद्याची माहिती भरायचं काम माझ्याकडं आलं. मी तासाभरात भरून मोकळा झालो आणि गंमत म्हणून मॅडमना म्हणालो, "तुमी आपल्या शाखेची शान हाईत. तीन रकान्यांत आलात."

"तीन?" त्या मोठ्यानं हसल्या. "अवो पाटील, माझे मायबाप दोघं मिळून एक कोयता धरायचे. अन् मी एकटी तीन. लई बरकत हाय की तुमच्या कंपनीत." सगळी शाखा हसली. त्या दिवसापासून शाखेतली पोरं त्यांना पाठीमागं तीन कोयत्यांची मॅडम म्हणू लागली, आणि त्यांना कळलं तरी त्यांनी त्या नावाला हरकत घेतली नाही.

हसून झाल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "बाई हाय ते दिसतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाय बी दिसतोय. तिसरं कशावरून लिव्हलं? मला तर इचारलं न्हाई तुमी." इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, जातीचा विषय कधी निघाला नव्हता, आणि याचा मला अभिमानही होता. पण पहिल्या दिवशी आडनाव ऐकलं तेव्हाच माझ्या डोक्यानं तो रकाना भरून टाकला होता. नुसता भरायचा बाकी होता तो कागदावर. त्यांनी पुढं विचारलं, "अन् तुमचं काय लिव्हलं?" माझ्या नावापुढं मी काहीच लिहिलं नव्हतं. मलाही जात आहे आणि तीही लिहायची असते, हे मला सुचलंच नव्हतं. "कोरं ठिवू नका," त्या म्हणाल्या. "लिव्हायचं तर समद्यांचं लिव्हू." मी मान खाली घालून लिहिलं.

सगळीकडचे आकडे पुण्याला गोळा झाले आणि मुख्य कार्यालयाची झोप उडाली. खालच्या पदांवर बायका होत्या, वरच्या पदांच्या ओळीत आमच्या अख्ख्या विभागात शून्य. हे छापून जगाला दाखवायचं कसं? पंधरवड्यात आदेश आला, आमच्या जुन्या मॅनेजरची जालन्याकडं बदली, आणि मॅडम पाटोदा शाखेच्या मॅनेजर. खरं सांगायचं तर ती जागा त्यांना कामावरच फार आधी मिळायला हवी होती. त्यामुळं मला आनंद झाला, पेढेही मीच आणले. संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. "खुर्ची त्यांची," ते म्हणाले. "कर्जमंजुरी मात्र तुमच्या लॉगिनवरच राहील. तूर्तास. काय म्हणतोय ते कळलं ना?" मी म्हणालो, "कळलं साहेब."

दर सोमवारी मॅडम विचारायच्या, "पाटील, माझी मंजुरी आली का?" आणि मी म्हणायचो, "येईल मॅडम, पुण्याहून यायचीय." ती पुण्याला अडलेली नव्हती. ती बीडला मोठ्या साहेबांकडं अडलेली होती, आणि बीडला मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना मिळाली असती असं नाही. पण माझ्याकडची जाण्याचा संभव होता, आणि मला ती हवी होती. शाखेत येणारा प्रत्येक माणूस मॅडमना नमस्कार करून माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. त्याची गोडी लागते. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा लागली होती.

नारायणगडाच्या यात्रेत कंपनीनं मंडप टाकला होता. मॅडम मधल्या खुर्चीत, मी बाजूला. एक म्हातारे शेतकरी आले, ट्रॅक्टरची चौकशी करायला. मॅडम बोलायला लागल्या तरी ते इकडंतिकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "सायब कुठं गेले?" मॅडमनी काठीनं माझ्याकडं दाखवलं. "हे काय, आमचे सरपंचपती." मंडपात हशा पिकला. "हसू नका," मॅडम म्हणाल्या. "गावात बाईची सीट निघली की कारभार नवरा बगतो. मी लग्न केलं न्हाई, म्हणून कंपनीनं मला हे दिलेत." सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. माझी आई पाच वर्षं गावची सरपंच होती आणि ग्रामपंचायतीची पायरी ती चढली ती झेंडावंदनालाच. सगळं वडील बघायचे. मॅडमना हे ठाऊक होतं. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "तुमाला घरचीच सवय हाय, पाटील."

आता कौसाबाईचं सांगतो. पाटोद्याजवळच्या एका वस्तीवरची ही बाई, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. तिला पिठाची गिरणी टाकायची होती. वस्तीवरच्या बायका दळणासाठी लांब जायच्या, म्हणजे गिऱ्हाईक होतं. भावानं दिलेली खोली होती, वीज होती. गिरणी चालली तर ती घरी राहणार होती आणि तिची मुलगी शाळेत. मॅडम स्वतः दोनदा जाऊन बघून आल्या, शिफारस लिहिली आणि माझ्याकडं पाठवली. इतक्या उमेदीनं त्यांनी पाठवलेलं ते पहिलंच प्रकरण. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "तोडीवालं घर आहे. नवऱ्याची सही घ्या, नाहीतर थांबवा."

नवरा सही करणार नव्हता. त्यानं मुकादमाकडून दोघांच्या नावानं हंगामाची आगाऊ उचल घेतलेली. अर्धा कोयता घरी राहिला तर उरलेल्या अर्ध्याला मुकादम नेत नाही. मॅडमनी मला हे सगळं नीट समजावून सांगितलं. "सही नवऱ्याचीच लागत असंल तर कर्ज बी त्यालाच द्या की," त्या म्हणाल्या. "बाईचं नाव कशाला लिव्हता वर?" मला पटलं होतं. एक कळ दाबायची होती, आणि ती माझ्याच हातात होती. मी ते प्रकरण 'तपासणीत' या सदरात टाकलं. नामंजूर केलं नाही, हे मी मनाला बजावत होतो. मॅडमनी कौसाबाईला सांगितलं, वरून अडलंय, दम धर.

त्यातच पाहुणे येणार म्हणून निरोप आला. जाहीर केलेले आकडे खरे आहेत का ते बघायला पैसा घालणाऱ्या मंडळींपैकी एक परदेशी बाई, बरोबर पुण्याचा एक अधिकारी आणि आमचे मोठे साहेब. शाखा धुऊन काढली. फोटोसाठी गटातल्या बायका बोलावल्या, त्यांत कौसाबाईही आली. मॅडम खुर्चीत, मी त्यांच्या बाजूला उभा. इंग्रजी बोलायला मला पुढं केलं होतं. पाहुण्या बाईंनी एक-दोन इकडचे तिकडचे प्रश्न विचारले आणि मग सरळ विचारलं, "इथं कर्जाचा निर्णय कोण घेतं?" प्रश्न मॅडमना होता. मी मध्येच म्हणालो, "मॅडमच घेतात. सगळे."

पुण्याच्या अधिकाऱ्यानं कौतुकानं ते बायकांना मराठीत सांगितलं. "ऐकलंत का, या शाखेत सगळे निर्णय या तुमच्या मॅडम घेतात." बायकांनी टाळ्या वाजवल्या. कौसाबाईनं वाजवल्या नाहीत. ती उठून उभी राहिली. "मंग बाई, माझं कावून अडवलं?" तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "पाटील, सांगा तिला."

मी साहेबांकडं पाहिलं. साहेब चहाच्या कपाकडं पाहत होते. मग मॅडमच कौसाबाईला म्हणाल्या, "मंजुरी माझ्या हातात न्हाई, बाय. नुसतं नाव हाय." पाहुण्या बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतात या? आणि मी सांगितलं, त्या म्हणतात की या बाईच्या अर्जावर काम चालू आहे.

मॅडमना तेवढं इंग्रजी कळतं हे मला माहीत होतं. बी.कॉम. झालेल्या बाई त्या. तरी मी तसं बोललो. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. आधी बोट माझ्याकडं केलं, मग स्वतःकडं, आणि पाहुण्या बाईंना इंग्रजीत म्हणाल्या, "ही डिसाइड्स. आय सिट."

नंतर काही घडलं नाही. तेच मला जास्त लागलं. पाहुण्या बाईंनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं, फोटो झाले, चहा झाला. जाताना मोठे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही बरं सांभाळलंत." आजवर कंपनीत माझं बऱ्याचदा कौतुक झालं असेल, पण लक्षात राहिलंय ते हे. कंपनीचा अहवाल निघाला, त्यात मॅडमचा खुर्चीतला हसरा फोटो, खाली 'ग्रामीण भागातील महिला नेतृत्व'. फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं.

पुढच्याच महिन्यात मॅडमना बीडच्या कार्यालयात नेलं. लांबलचक नावाचं पद, काचेची खोली, आणि काम काही नाही. त्यांनी थोडे दिवस काढले आणि राजीनामा दिला. निरोपाला शाल-श्रीफळ नको म्हणाल्या. पाटोद्याला सामान न्यायला आल्या, तेव्हा सामान काय, एक डबा आणि एक स्वेटर. मी स्कूटरपर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो आणि रस्त्याबद्दल बोललो. खड्डे फार झालेत, जपून जा, असलं काहीतरी. त्यांनी काठी बांधली, गाडी चालू केली आणि मग म्हणाल्या, "पाटील, तुमी वाईट माणूस न्हाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. तुमच्याशी कसं भांडावं तेच मला कळलं न्हाई."

त्यांच्या जागी मी मॅनेजर झालो.

यंदा पुन्हा आकडे जाहीर करायची वेळ आली, तेव्हा मुख्य कार्यालयातून फोन आला. एक बाई गेली आणि तीन रकाने खाली आले होते. "त्याच भागात तसं कुणी मिळतं का बघा," पलीकडचा मुलगा म्हणाला. तसं म्हणजे कसं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शोधायचं कुठं, हे मला एकाच माणसाला विचारता येण्यासारखं होतं. मी आष्टीला गेलो.

मॅडम तिथं बायकांच्या एका छोट्या पतसंस्थेत आहेत. खोली लहान, पंखा मोठा, टेबलासमोर तीन-चार बायका ताटकळत बसलेल्या. मला बघून त्या हसल्या, त्यात काही किल्मिष नव्हतं. चहा मागवला, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मी आलो कशाला ते सांगितलं, तेव्हा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाय एक पोरगी. आमच्याच वस्तीतली. शिकलेली हाय, तोंडानं फटकळ हाय. पण तिला तुमच्याकडं कावून धाडू?"

"मंजुरीचा अधिकार देऊ तिला," मी म्हणालो. "खरा."

"कोण देणार?"

"मी. आता मी मॅनेजर हाय, मॅडम."

"मंग कौसाबाईचं केलं का?"

मी चहा पीत राहिलो. मॅडमनी समोरच्या बाईच्या कागदावर सही केली, शिक्का मारला, तिला नावानं हाक मारून तो हातात दिला आणि परत माझ्याकडं वळल्या. "ती अवंदा बी गेलती तोडीला. पोरीला घिऊन. शाळा सुटली पोरीची. कागद तुमच्याच शाखेत हाय, मी लिव्हलेला. आधी तेवढं करा, पाटील. मंग पोरीला मी सोता आणून सोडते." त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी मी पाटोद्याला परत आलो आणि संगणक उघडला. कौसाबाईचा अर्ज मी ठेवला होता तिथंच होता. मॅडमची शिफारस, खोलीचा फोटो, विजेचं बिल, सगळं जागच्या जागी. वर मॅनेजर म्हणून माझं नाव, खाली मंजुरीची कळ. तूर्तास वगैरे आता काही नाही, अधिकार पूर्ण माझा. कुणाला विचारायची गरज नव्हती. कळीवर बोट नेऊन मी खुर्चीत बसून राहिलो.

मग मोबाईल काढला आणि मोठ्या साहेबांना फोन लावला.